वेळापत्रकात चहा कुठाय?

लासूर स्टेशन
३ जुलै २०२४

श्रेयाताई,

धपाट्यांच्या डब्याखाली चिठ्ठी निघाली म्हणून दचकू नका. घरी कुणाला काही झालेलं नाही. आई-अण्णा बरे आहेत, म्हैस बरी आहे, तुमचे इंद्रजीतदादा रविवारच्या सुट्टीला येऊन परत शेंद्र्याला कंपनीत गेले.

फोनवर बोलता येत नाही म्हणून लिहितेय. माझ्या फोनची गत तुम्हाला माहितीच आहे. सकाळी त्याच्यावर आईंची भजनं लागतात, दुपारी अण्णा कांद्याचा भाव बघतात, आणि मेसेज आला की फोन ज्याच्या हातात असेल तो मोठ्यानं वाचून दाखवतो. तुम्ही अभ्यासासाठी बटणाचा फोन घेतला, म्हणजे नुसतं बोलणंच उरलं, तर तुमचा फोन आला की आई म्हणतात, "स्पीकरवर टाक, मलाबी ऐकू दे." मग उरली सांडूभाऊंच्या जीपमधून तुमच्या हॉस्टेलला जाणारी ही डब्याची पिशवी. रिकामे डबे परत येतात त्यात उत्तर टाका. धुतलेले डबे मीच लावते, दुसरं कुणी उघडत नाही.

काम असं आहे. बँकेच्या क्लार्क भरतीची जाहिरात आली ना? तुम्ही त्याचाच अभ्यास करताय. तर तुमचं वेळापत्रक मला लिहून पाठवाल का? कधी उठता, कोणता विषय कधी घेता, सरावाचे पेपर कधी सोडवता, सगळं. आणि मागच्या वर्षीची पुस्तकं नुसती पडून असतील तर तीही पाठवा.

कशाला ते सांगेन. पण आईंना विचारू नका.

तुमची,
सोनियावहिनी

---

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
७ जुलै

वहिनी,

आईनं सांगितलं ना तुला हे लिहायला? खरं सांग. "पोरगी तिथं अभ्यास करती का नुसती हिंडती, जरा बघ." तिचा आवाजसुद्धा ऐकू आला मला तुझ्या अक्षरात. तू आपल्या घरात येऊन दोन वर्षं झाली, पण आईच्या पार्टीत इतक्या लवकर जाशील असं वाटलं नव्हतं.

तर घे माझं वेळापत्रक. पहाटे साडेचारला उठणे. पाचपासून इंग्रजी. सातपासून गणित. नऊला आंघोळ-नाश्ता. दहाला अभ्यासिकेत हजर, एकपर्यंत रीझनिंग. अर्धा तास जेवण. दुपारी बँकिंग आणि चालू घडामोडी. संध्याकाळी सरावाचा एक अख्खा पेपर. जेवण. चुका तपासणे. दहाला झोप. रविवारी पण हेच.

आईला दाखव. पाहिजे तर भिंतीवर चिकटव म्हणावं. आणि अण्णांनी दिलेली मुदत मला पाठ आहे, हेही सांग. या वर्षी झालं नाही तर लग्न. त्याची आठवण करून द्यायला डब्यातून चिठ्ठ्या नकोत.

पुस्तकं मिळणार नाहीत. मलाच लागतात.

धपाटे छान होते.

श्रेया

---

लासूर स्टेशन
१० जुलै

श्रेयाताई,

मला राग आला नाही. मी तुमच्या जागी असते तर मलाही तसंच वाटलं असतं. पण तुमचं वेळापत्रक वाचून मी चुलीपुढं एकटीच इतकी हसले, की आई विचारायला आल्या, काय झालं. अहो, तुमच्या वेळापत्रकात चहा कुठाय? उठल्याबरोबर इंग्रजी! चहा कोण करतं? पाणी कोण भरतं? सातला गणित काढता तेव्हा म्हशीचं कोण बघतं? असा एक माणूस मलाही मिळाला तर मी तीनला उठेन.

आता खरं सांगते. वेळापत्रक मला माझ्यासाठी हवंय. मी फॉर्म भरलाय.

बाजारच्या दिवशी स्टेशनच्या बाजारपेठेत गेले होते. मेथी घ्यायच्या आधी नेट कॅफेत जाऊन बसले, फोटो-सही सगळं करून उठले, मग मेथी घेतली. गंगापूरच्या कॉलेजातून मी बी.कॉम. केलंय, फर्स्ट क्लास. तुमच्या दादांशी लग्न ठरताना बोलणीत ते दोनदा सांगितलं गेलं. पत्रिकेवर माझ्या नावापुढं कंसात छापलं. मांडव उतरला, आणि त्या बी.कॉम.चं नाव कुणी काढलं नाही. मीही नाही काढलं, ते माझंच चुकलं. पण या वेळची जाहिरात बघितली आणि वय मोजलं. या वर्षी मी बसते. पुढच्या वर्षी नाही. म्हणजे ही माझी पहिली परीक्षा आणि हीच शेवटची.

माझ्याकडं तुमच्यासारखे तास नाहीत, तुकडे आहेत. दूध उतू जाऊ नये म्हणून उभी असते तो एक तुकडा. लाईट आली की मोटार चालू करून वाफे भरेपर्यंत बांधावर बसते, तो जरा मोठा. आई दुपारी देवळात भजनी मंडळाला जातात, तो सगळ्यात चांगला. या तुकड्यांत काय काय बसेल, तेवढं सांगा. मी ऐकेन तुमचं. घरात या विषयातलं तुम्हालाच कळतं.

आणि हे अजून कुणालाही माहीत नाही, दादांनाही नाही. तुम्ही पहिल्याच.

सोनिया

---

औरंगपुरा
१४ जुलै

वहिनी,

मी किती वाईट लिहिलं तुला. पत्र फाडून टाक.

ते वेळापत्रकही फाडून टाक. तू खरं सांगितलंस म्हणून मीही सांगते. ते मी तीन रंगांच्या पेनांनी काढून पलंगाच्या वर लावलंय. मैत्रिणी फोटो काढून नेतात. मी ते जेमतेम दोन दिवस पाळलं. साडेचारचा गजर होतो, मी बंद करते, सातला उठते, मग दिवस चुकला म्हणून दिवसभर नवीन वेळापत्रक काढते. अभ्यासिकेत खुर्चीत बसते, हे खरं. पण बसणं म्हणजे अभ्यास नाही. सरावाच्या पेपरात माझे मार्क मार्चपासून जागचे हललेले नाहीत. आईला मी दर वेळी सांगते, "मस्त चाललंय."

आता तुझ्या तुकड्यांचं. पूर्व परीक्षेत वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात, इंग्रजी, गणित, रीझनिंग. एका भागाची वेळ संपली की त्याच्याकडे परत जाता येत नाही. म्हणजे तिथंही तुकडेच आहेत, घाबरू नको. दुधाजवळ उभी असशील तेव्हा वर्ग, घन, अपूर्णांकाचे टक्के पाठ कर, त्याला पुस्तक लागत नाही. बांधावर इंग्रजी उतारे. दुपारचा चांगला वेळ फक्त रीझनिंगच्या कोड्यांना, कोण कुणाच्या शेजारी बसलंय ती. तिथं सुरुवातीला तू चुकशीलच, सगळे चुकतात. जे सुटत नाही ते सोडून पुढं जायला शीक. माझं तिथंच अडतं. एक कोडं अडलं की मी हट्टानं तिथंच मरते.

पुस्तकं पाठवतेय, तिन्ही. मला इथं मैत्रिणींची मिळतात. सोडवलेलं डब्यातून पाठव, मी तपासून परत पाठवीन. त्या निमित्तानं माझाही हात चालेल.

आणखी एक. तू माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मला अहो-जाहो करू नको. मला ताई म्हणू नको. नणंद म्हणजे काय कलेक्टर असते का?

श्रेया

---

लासूर स्टेशन
३० जुलै

श्रेया,

बघ, म्हटलं. लिहायला सोपं जातंय, तोंडानं म्हणायला वेळ लागेल.

मागच्या डब्यात गणितं पाठवली नाहीत, कारण घरात मोठं रामायण झालं. आईंना पुस्तक सापडलं. पिठाच्या डब्यामागं ठेवलं होतं. त्यांनी ते दोन बोटांत धरून अंगणात आणलं, मेलेला उंदीर आणावा तसं.

"हे काय हाय?"

मी म्हणू शकले असते, श्रेयाताईंचं राहिलंय म्हणून. ओठांवर आलंही होतं. पण एकदम वाटलं, मी चोरी करतेय का? चोरून पोथी वाचतं का कुणी? म्हटलं, "माझं आहे. बँकेच्या परीक्षेला बसणार आहे मी. पुढच्या महिन्यात."

आईंनी आधी ऐकून घेतलं, मग कपाळावर हात मारला. "दोन वरसं झाली, पाळणा हालायचं नाव नाय, अन् हिला बँक सुचती!" अण्णा ओट्यावर होते. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "सोनिया, घरात एकीचं चालू हाय ना? तेवढं पुरे." फोन लावला शेंद्र्याला. स्पीकरवरच. तुझे दादा म्हणाले, "आधी श्रेयाचं होऊ दे, मग तुझं बघू." मी म्हटलं, "तिचं होईस्तोवर माझं वय जातंय. रांग लावलीय का इथं?" मग म्हणाले, शिफ्टची वेळ झाली.

श्रेया, मला एक गोष्ट सांगायचीय, ती तुलाच कळेल. अशा वेळी आपण काय म्हणतो? "मी घरातलं सगळं करीन, कशातही कमी पडू देणार नाही, फक्त मला बसू द्या." ते वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी ते गिळलं. मी म्हटलं, "परीक्षा होईपर्यंत संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडं नाही. आणि मोटार अण्णांनी बघायची."

मग एक कागद घेतला, सगळ्या घराचं वेळापत्रक लिहिलं आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलं. संध्याकाळची भाकरी, आई. भाजी, आई. मोटार, अण्णा. चहा, ज्याला प्यायचा त्यानं. चारपासून सातपर्यंत, सोनिया: अभ्यास. आईंनी तो कागद टरकावला. मी दुसरा लावला. तोही गेला. तिसरा मी गव्हाच्या खळीनं चिकटवला. आता तो ओढला तर भिंतीचा पोपडा येईल, आणि भिंत गेल्या दिवाळीला रंगवलीय, म्हणून तो राहिला.

पहिल्या संध्याकाळी चूल पेटली नाही. अण्णांनी दुपारची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. आई जेवल्याच नाहीत. मी चारला पुस्तक उघडलं होतं, पण एक अक्षर डोक्यात गेलं नाही. तरी सातपर्यंत उठले नाही. दुसऱ्या दिवशी आईंनी भाकऱ्या थापल्या. इतक्या जोरात, की स्टेशनपर्यंत ऐकू गेलं असेल. माझ्याशी बोलत नाहीत. म्हशीशी बोलतात, मला ऐकू जाईल असं.

गणितं सोबत आहेत. नफा-तोट्याची सगळी चुकलीत बहुतेक.

सोनिया

---

औरंगपुरा
१२ ऑगस्ट

वहिनी,

तुझी गणितं परत पाठवतेय. नफा-तोट्यात फक्त दोन चुकलीत. कोड्यांमधे तू घाई करतेस, शेवटची अट वाचतच नाहीस. इंग्रजी अजून कच्चं आहे, रोज एक उतारा वाढव. तुझे पेपर तपासायला लागल्यापासून मी पण सकाळी उठून बसतेय. पलंगावरचं वेळापत्रक काढून टाकलं. गेल्या पेपरात पहिल्यांदा मार्क हलले माझे, वर.

आणि आज आईचा फोन आला. तुला माहीत असेलच, नसेल तर बस खाली.

पाहुणे येतायत मला बघायला. गंगापूरचे. मुलाचं औषधांचं दुकान, शेती, सगळं. श्रावणात बघून घ्यायचं, तुळशीच्या लग्नानंतर बार उडवायचा. तारीख, पंचवीस ऑगस्ट, रविवार.

मी म्हटलं, "आई, त्या दिवशी माझा पेपर आहे."

"सकाळचा ना? दुपारी ये."

"दुपारचाच आहे."

"मग पेपर देऊन तरी काय करणार? झालं तरी लगीन करायचंच हाय, नाय झालं तरी करायचंच हाय." अण्णा मागून म्हणाले, पाव्हणे लई मोठे आहेत, तारीख मोडता येणार नाही.

मी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. "बघते" म्हटलं आणि फोन ठेवला. वहिनी, मला भीती वाटतेय, पण त्या पाहुण्यांची नाही. भीती ही, की पेपर अवघड जाईल या विचारानंच मला तो मुलगा बरा वाटायला लागेल. आज दुपारी क्षणभर वाटलाच.

काय करू?

श्रेया

---

लासूर स्टेशन
१५ ऑगस्ट

श्रेया,

येऊ नको.

मुलगा चांगला असेलही. वाईटच असेल असं मी कशाला म्हणू? त्याला दुसरा रविवार नाही का मिळणार? तुला ही परीक्षा त्या दिवशी एकदाच आहे. आणि तो बरा वाटलाच, तर पेपर देऊन आल्यावर बरा वाटू दे. पेपरच्या भीतीनं बरा वाटलेला मुलगा नको.

माझं हॉल तिकीट आलं. माझाही पेपर पंचवीसलाच, सकाळचा. बीड बायपासला.

काल जेवताना सांगितलं. आईंनी कांदेपोह्यांचं, शिऱ्याचं, कुणी कुठं बसायचं, सगळं ठरवून टाकलं होतं. मी म्हटलं, "आई, त्या दिवशी मी घरी नाही. श्रेयाही नाही."

पंधरा दिवसांनी त्या पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलल्या. "पोरगी नाय, सून नाय. पाव्हण्यांना म्या काय दाखवू, म्हैस?"

"त्यांना सांगा, दोघी परीक्षेला गेल्यात. खरं तेच सांगा."

"अन् पोहे कोण करणार?"

"वेळापत्रकात लिहून देते," मी म्हटलं.

अण्णांना ठसका लागला. राग होता की हसू, कळलं नाही. तू तुझ्या तोंडानं घरी फोन कर आणि "नाही" म्हण. "बघते" म्हणू नको. तुझं "नाही" मला पोचवता येणार नाही, ते तुलाच म्हणावं लागेल.

इंग्रजीचे उतारे सोबत. शेवटची अट आता वाचते.

सोनिया

---

लासूर स्टेशन
२७ ऑगस्ट

श्रेया,

तुझा पेपर सुटल्यावर तू गेटातून आलीस, मला रस्त्याच्या कडेला डबा घेऊन बसलेली बघितलंस आणि तिथंच रडायला लागलीस. मला वाटलं, पेपर गेला. तू म्हणालीस, "बरा गेला गं." मग रडत कशाला होतीस? नंतर जीपमध्ये बसल्यावर मलाच रडू आलं, तेव्हा कळलं.

आता घरी काय झालं ते ऐक. तू फोनवर "नाही" म्हणालीस तरी आईंनी पाहुण्यांना कळवलंच नव्हतं. त्यांना वाटलं, आपण ऐन वेळी येऊ. पाहुणे बरोबर वेळेवर आले, पाच माणसं, जीप भरून. तुझे दादा शेंद्र्याहून आले होते. मी घरी पोचले तेव्हा तेच दारात उभे होते. रागानं लाल.

"मला पोहे करायला लागले," म्हणाले.

"कसे झाले?"

"खारट."

पुढचं त्यांनीच सांगितलं. आईंनी पाहुण्यांना सांगितलं, पोरगी तापानं फणफणलीय, म्हणून आली नाही, सून तिच्यापाशी गेलीय. मुलाचे मामा म्हणाले, "अरेरे, दवाखान्यात हाय का? मग जाताना बघून जाऊ आम्ही." आता आली का पंचाईत! तेवढ्यात अण्णा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा पाहुण्यांना पाणी द्यायची वेळ आली होती त्यांच्यावर. ते तांब्या खाली ठेवून म्हणाले, "ताप नाय. परीक्षा हाय. दोघींची. आम्ही नको म्हणत व्हतो, त्या गेल्या."

मामा उठलेच. "घरात बाईमाणसाला वळण नाय," म्हणाले. अण्णा म्हणाले, "वळण असंल-नसंल. खोटं आमच्या तोंडून निघालं, त्यांच्या नाय." मुलाची आई मात्र उठेना. खारट पोहे तिनं सगळे संपवले आणि विचारलं, कसली परीक्षा असते ही, माझ्या धाकटीला देता येईल का? मामांनी तिला उठवून नेलं.

आई मला म्हणाल्या, "नाक कापलंस."

मी म्हटलं, "आई, दमलेय. उद्या भांडू." आणि जेवले. पोहे खरंच खारट होते, पण तुझ्या दादांनी केले होते, म्हणून दोनदा घेतले. त्यांनी ते बघितलं.

सोनिया

---

औरंगपुरा
३ ऑक्टोबर

वहिनी,

निकाल बघितला. दोघींचा मीच बघितला. तू पास. मी नाही. थोडक्यात गेलं.

आता मला "पुढच्या वेळी नक्की" असं काही लिहू नको. तुझ्या यशात मी आनंदी आहे वगैरे मी पण लिहिणार नाही. काल दिवसभर मला तुझा राग आला होता. माझी पुस्तकं, मी शिकवलेली कोडी, आणि पास तू. आज सकाळी कमी झाला. पूर्ण गेला नाही, पण अभ्यासाला बसण्याइतका गेला.

अण्णांचा फोन आला. "झालं आता, सामान आवर." मी म्हटलं, नाही आवरणार. एका क्लासमधे आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवायचं काम मिळालंय, त्यावर माझं भागेल. डबा पाठवा, नाहीतर नका पाठवू. "बघते" म्हटलं नाही. तू असतीस तर खूश झाली असतीस.

मुख्य परीक्षा तेराला आहे. दहा दिवस राहिलेत. तिथं घरी ते होणार नाही तुझ्याच्यानं. माझ्या खोलीवर ये. रेक्टर बाईंना सांगितलंय, माझी वहिनी येतेय. तू पलंगावर, मी खाली. चहा मी करीन. रोज. वेळापत्रकात लिहिलंय.

श्रेया

---

लासूर स्टेशन
४ एप्रिल २०२५

श्रेया,

निकाल तूच आधी बघितला असशील. झालं माझं. पोस्टिंग हिंगोली जिल्ह्यात.

आई म्हणाल्या, श्रेयाला पेढे पाठवू नको, तिला वाईट वाटंल. मी पाठवतेय. वाईट वाटलं तरी खा. त्या दहा दिवसांचे आहेत. तू खाली चटईवर झोपून सकाळी मला उठवायचीस, आणि माझं कोडं अडलं की हातातून पेन काढून घ्यायचीस, "सोड, पुढं जा." मुख्य परीक्षेत मी तीन कोडी सोडली. सोडली म्हणून बाकीची झाली.

आता पुढचं. तुझे दादा रविवारी आले. पेढा खाल्ला, मग म्हणाले, "हिंगोली लई लांब हाय. जवळ मिळालं असतं तर गोष्ट वेगळी होती. नाही कळवून टाक."

मी विचारलं, "तुम्ही शेंद्र्याला खोली करून राहता, रविवारी येता. मी कधी नाही म्हटलं?"

"ते वेगळं."

"कसं वेगळं?"

खोटं नाही सांगत, ते खरंच शोधत होते उत्तर. सापडलं नाही. मग चप्पल घालून बाहेर गेले. गेल्यापासून फोन नाही. ते वाईट माणूस नाहीत, हे तुलाही माहितीये, मलाही. पण त्यांना उत्तर सापडेपर्यंत मी थांबणार नाही. जागा थांबत नसते.

अण्णा म्हणतात, तुमचं तुम्ही बघा. आईंनी काल भांडी घासताना विचारलं, "तिकडं पाणी कसं असतंय? क्षाराचं का गोड?" मी म्हटलं, माहीत नाही. "मग विचारून घे," म्हणाल्या.

मी जाणार आहे. हे तुला विचारत नाही, कळवतेय. घरीही तसंच सांगितलं.

सोनिया

---

लासूर स्टेशन
९ जून

वहिनी,

आता तुझ्याकडे तुझा एकटीचा फोन आहे, तरी लिहितेय. कारण आई शेजारीच बसलीय आणि फोन लावला की म्हणेल, स्पीकरवर टाक.

पेढे मिळाले होते. रडले, मग खाल्ले, सगळे. या वर्षीच्या जाहिरातीची वाट बघतेय, ती येईपर्यंत क्लासची सुट्टी घेऊन दोन दिवस घरी आलेय. तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिवशी पोचले. दादा येऊन गेले म्हणे, सकाळी तुला स्टँडवर सोडायला आले नाहीत, पण तू गेल्यावर दुपारी आले. घरभर फिरले, स्वयंपाकघरात जाऊन भिंतीवरचा तुझा कागद वाचत उभे राहिले. मग अण्णांना म्हणाले, हिंगोलीला शेंद्र्याहून कोणती गाडी जाते ते बघायला पाहिजे. तुला फोन आला का त्यांचा? नसेल तर येईल. तू आधी लावू नको.

पण हे सगळं सांगायला पत्र नाही लिहिलं. काल संध्याकाळची गोष्ट सांगायचीय.

मी आत रीझनिंग घेऊन बसले होते. आई ओट्यावर तांदूळ निवडत होती. पलीकडच्या साळूबाई आल्या, त्यांच्यासोबत आणखी दोघीजणी. आधी पाण्याचं बोलल्या, मग कांद्याचं. मग साळूबाईनं आवाज खाली केला. इतकाही खाली नाही. "आवडाबाई, खरं का? गावात म्हणत्यात, सून पळून गेली म्हणून."

माझं पेन थांबलं. मला वाटलं, आता आई रडणार, नाहीतर तुला शिव्या घालणार. गेल्या वर्षभर घातल्याच होत्या की. मी उठून बाहेर येणार, तेवढ्यात सुपाचा आवाज झाला. आईनं सूप खाली आपटलं होतं, तांदळासकट.

"पळून?" आई म्हणाली. "पळून कशाला जाईल? एसटीत बसून गेली. दिवसाढवळ्या. सरकारी कागद हातात घेऊन. अन् तिचा डबा म्या बांधून दिला."

साळूबाई काही बोलायला गेल्या. आई म्हणाली, "अजून काय इचारायचंय? इचारा. सगळं सांगते. माझी सून बँकेत हाय."

श्रेया